पूर्णांकाचा आग्रह धरणारे भास्कराचार्य

भास्कराचार्यांविषयी आपल्याकडे बोलले जाते पुष्कळ आणि वाचले जाते फार थोडे. लीलावती त्यांची मुलगी होती, ती विधवा झाली, तिच्या समजुतीसाठी त्यांनी गणिताचे पुस्तक लिहिले, एवढी माहिती शाळेतल्या कुठल्याही मुलाला असते. त्यापलीकडे विचारले तर विद्यार्थी वर बघतो आणि प्राध्यापक घड्याळाकडे. त्यातून आपल्या या वार्षिकांकाची गोष्ट आणखी नाजूक. त्याचे दोन विभाग, एक मराठी आणि एक कन्नड. आणि भास्कराचार्यांवर दोन्ही विभागांचा हक्क आहे. एकात ते खानदेशातल्या पाटणचे ठरतात, दुसऱ्यात विजापूरचे. या कॉलेजचा मी माजी विद्यार्थी. त्यामुळे या वादात मला काय वाटते ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. पण लेख लिहावा असे वाटले त्याचे कारण वाद नव्हे. कारण आहे बारावीच्या गणितातले एक प्रकरण. त्याकडे यथावकाश येतो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. हे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. जुन्या काळच्या आपल्या थोर माणसांच्या जन्मवर्षांबद्दल विद्वानांत शतकाशतकाचे अंतर पडते; ज्योतिषी मात्र हिशेबाचा माणूस, त्याने आपला हिशेबही चोख ठेवला. गोत्र शांडिल्य. वडिलांचे नाव महेश्वर, आणि गुरूही तेच. गावाचे नाव विज्जडविड, आणि ते सह्य पर्वताच्या आश्रयाला आहे असेही त्यांनीच सांगितले आहे.

हे विज्जडविड कोणते, यावर शाई पुष्कळ खर्च झाली. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात त्याने आचार्यांना बीदरचे म्हटले. पुढे विजापूरचे नाव आले. नावांच्या सारखेपणावरून ते सहज सुचते. परंतु विजापूर काय किंवा बीदर काय, सह्याद्रीपासून बरेच दूर. उलट चाळीसगावजवळ, सह्याद्रीच्याच एका फाट्याच्या पायथ्याशी पाटण नावाचे गाव आहे. तेथल्या भवानीच्या देवळात डॉ. भाऊ दाजी लाड यांना १८६० नंतरच्या दशकात एक शिलालेख सापडला, आणि त्यात या घराण्याची आठ-नऊ पिढ्यांची वंशावळ मिळाली. कविचक्रवर्ती म्हणून नावाजलेला त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट (याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली), मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा मुलगा आपले भास्कराचार्य. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव. भास्कराचार्यांचे भाऊ श्रीपती, त्यांच्या वंशातल्या अनंतदेवाचा लेखही चाळीसगावजवळच्याच बहाळ गावी आहे, शके ११४४ चा. एकाच घराण्याच्या दोन शाखांच्या खुणा एकाच टापूत मिळाव्यात हा काही योगायोग नव्हे. माझे मत पाटणच्या बाजूने आहे ते यामुळे.

विज्जड या नावाचा मोह किती सहज पडतो हे मी येथे रोज बघतो. माझे सध्याचे बिऱ्हाड बेज्जूरला आहे. हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. पूर्वेला प्राणहिता नदी, आणि पैलतीराला गडचिरोली जिल्हा. बोलायला तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू, जी जेथे चालेल ती. येथल्या एका मुलाने मला गंभीरपणे विचारले की बेज्जूर म्हणजेच विज्जडविड कशावरून नसेल. मी त्याला विचारले, सह्याद्री कुठे आहे? त्याने प्राणहितेकडे बोट दाखवले. विजापूरवाल्यांचा युक्तिवाद याहून फारसा निराळा नाही, एवढेच मी कन्नड विभागातल्या मित्रांना नम्रपणे सांगेन. त्यांचा खरा हक्क दुसरीकडे आहे, आणि तो मोठा आहे. तो पुढे येईलच.

छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. नंतर त्यावर स्वतःच वासनाभाष्य लिहिले. येथे वासना म्हणजे उपपत्ती. सूत्र सांगून मोकळे होणारा हा माणूस नव्हता.

लीलावतीची ती गोष्ट, घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजले आणि लग्नाचा मुहूर्त टळला ही, फैजीच्या प्रस्तावनेतून पसरली. ती मूळ ग्रंथात कोठेही नाही, शिलालेखात नाही. ग्रंथात उदाहरण घालताना आचार्य कधी बालेला हाक मारतात, कधी हरिणाक्षीला, कधी मित्राला, तर कधी व्यापाऱ्याला. त्यातली बाला म्हणजे मुलगी हे आपण ठरवले. उज्जैनच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते असेही पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळते. पाटणच्या लेखात, जेथे घराण्याचा एकूण एक मान मोजून सांगितला आहे, तेथे त्याचा उल्लेख नाही. चरित्र लिहिताना गोष्टी सोडून देणे जिवावर येते, पण या दोन सोडल्याने आचार्यांचे काही कमी होत नाही. मोत्याच्या गोष्टीने झालेच असेल तर नुकसान झाले. लोकांना मोती आठवतो, आणि त्या पुस्तकात कुट्टक नावाचे एक प्रकरण आहे हे आठवत नाही.

आता बारावीच्या प्रकरणाकडे वळतो. येथली काही मुले नदीपलीकडे महाराष्ट्रात शिकायला आहेत. सुटीत घरी आली की गणिताची वही घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना लिनियर प्रोग्रॅमिंग, म्हणजे रेषीय नियोजन, असते. असमानता मांडायच्या, आलेख काढायचा, सगळ्या अटी पाळणारा भाग छायांकित करायचा, त्याचे कोपरे शोधायचे, आणि ज्या कोपऱ्यावर नफा सर्वांत जास्त ते उत्तर. पद्धत सोपी आहे, गुणही हमखास मिळतात. पण कोपरा दरवेळी सोयीच्या ठिकाणी येतोच असे नाही. पुस्तकातली उदाहरणे बहुधा अशी बेतलेली असतात की तो पूर्णांकावरच पडावा, आणि मुलाला वाटते की तो नेहमी तेथेच पडतो.

मी त्यांना एक सुताराचे उदाहरण करून दिले. सुताराजवळ सागाचे ७ ओंडके आणि कामाचे ४२ तास आहेत. खाट असो की टेबल, प्रत्येकाला एक ओंडका लागतो. खाटेला ७ तास, टेबलाला ४ तास. खाटेवर नफा ५०० रुपये, टेबलावर ३००. आलेख काढला की कोपरा येतो ४⅔ खाटा आणि २⅓ टेबले, नफा ३०३३ रुपये आणि वर काही पैसे. दोन तृतीयांश खाटेवर कोण निजणार? मुलांनी लगेच जवळचा पूर्णांक घेतला : ५ खाटा, २ टेबले. मोजून पाहा, ४३ तास लागतात. सुताराजवळ आहेत ४२. मग अपूर्णांक खाली आणले : ४ खाटा, २ टेबले, नफा २६०० रुपये. हे जमते खरे, पण ते उत्तर नव्हे. खरे उत्तर आहे ६ खाटा आणि टेबल एकही नाही, नफा ३००० रुपये. कोपऱ्याच्या आसपास घोटाळून ते सापडत नाही. ते आलेखाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. एका मुलाने वही मिटत विचारले की हे जर खरे असेल तर मग कोपऱ्याची रीत शिकवता कशाला. प्रश्न रास्त आहे. रीत खरी आहे, पण ती पाण्यासाठी, दुधासाठी, पिठासाठी खरी आहे. खाटेसाठी, बैलासाठी, माणसासाठी नाही. मोजता येणारी वस्तू आणि मापता येणारी वस्तू यांत अंतर आहे, आणि आमच्या पाठ्यपुस्तकात ते अंतर कुठेतरी एका ओळीत उरकले जाते.

भास्कराचार्यांनी ते एका ओळीत उरकले नाही. त्यांच्या बीजगणितातला मोठा भाग एकाच अटीभोवती फिरतो : उत्तर पूर्णांकातच पाहिजे. ही अट काढून टाका, त्या प्रश्नांत काही उरत नाही. ही अट घाला, आणि तेच साधे दिसणारे समीकरण हट्टाला पेटते.

कुट्टक म्हणजे कुटणे, बारीक करीत जाणे. प्रश्न असा असतो : एका संख्येला कशाने गुणावे, म्हणजे त्यात अमुक मिळवल्यावर तमुकने निःशेष भाग जाईल? लीलावतीतले पहिलेच उदाहरण घ्या. २२१ ला एका संख्येने गुणायचे, ६५ मिळवायचे, १९५ ने भागायचे, बाकी उरता कामा नये. तिन्ही संख्यांना १३ ने भाग जातो, म्हणून आधी त्या लहान करून घ्यायच्या : १७, ५ आणि १५. आता १७ ला १५ ने भागा, भागाकार १, बाकी २. मग १५ ला २ ने भागा, भागाकार ७, बाकी १. येथे थांबायचे. भागाकार एकाखाली एक मांडायचे, १ आणि ७; त्यांच्याखाली ५ आणि शेवटी ०. या मांडणीला वल्ली म्हणतात, म्हणजे वेल. आता वेलीवर खालून वर चढायचे. ७ गुणिले ५, अधिक ०, झाले ३५. मग १ गुणिले ३५, अधिक ५, झाले ४०. चाळिसातून १७ जितके वेळा जातील तितके काढा, उरले ६. पस्तिसातून १५ तसेच काढा, उरले ५. गुणक ५, भागाकार ६. पडताळून पाहा : २२१ गुणिले ५ अधिक ६५ म्हणजे ११७०, आणि १९५ गुणिले ६ म्हणजेही ११७०. गुणकात १५ आणि भागाकारात १७ मिळवीत गेले की पुढची सगळी उत्तरे मिळतात : २० आणि २३, ३५ आणि ४०, असे कितीही. (भागाकारांची संख्या विषम आली तर शेवटी एक वजाबाकी करावी लागते, तीही आचार्यांनी सांगितली आहे.) सगळे काम भागाकारांचे. अंदाज नाही, चाचपडणे नाही, जवळचा पूर्णांक घेणे तर नाहीच.

आणि उत्तर मुळात नसेल तर? तेही ते आधीच सांगतात. पहिल्या दोन संख्यांना ज्याने भाग जातो त्याने मिळवायच्या संख्येलाही भाग गेला पाहिजे. जात नसेल तर प्रश्नच दुष्ट, त्याच्यामागे लागू नये. मुलांना मी हे नोटांवर दाखवतो. २० च्या आणि ५० च्या नोटा कितीही द्या, ७५५ रुपये सुट्यावाचून होणार नाहीत. दुकानदाराला हे कुट्टक न शिकता कळते. पण कळणे आणि त्याचा नियम बांधणे यांत शतकांचे अंतर असते.

रीत भास्कराचार्यांची स्वतःची नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आर्यभटाने ४९९ मध्ये ती थोडक्यात दिली. ग्रहांच्या गणितात तिची गरज पडे : ग्रहाच्या फेऱ्यांतली उरलेली बाकी हाती असेल, तर आरंभापासून किती दिवस गेले ते काढायचे, आणि दिवस हे पूर्णच असतात. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये तिचा विस्तार केला. आणि इ.स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यात महावीराचार्यांनी आपल्या गणितसारसंग्रहात तिला आकाशातून बाजारात आणले : फळांचे ढीग, वाटसरू, व्यापारी, वाटण्या. महावीराचार्य जैन, आणि कर्नाटकाला त्यांचा अभिमान आहे तो योग्यच आहे. कन्नड विभागाचा खरा हक्क म्हणालो तो हा. विजापूरच्या वेशीवर भास्कराचार्यांचा जन्म शोधत बसण्यापेक्षा त्यांच्या पुस्तकात महावीराचार्यांची पाखरे उडताना दाखवणे अधिक मोलाचे आहे.

पाखरे हा अलंकार नव्हे, ती खरोखर आहेत. महावीराचार्यांच्या ग्रंथात असलेला एक जुना प्रश्न भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात घेतला आहे. ३ द्रम्मांना ५ पारवे, ५ द्रम्मांना ७ सारस, ७ द्रम्मांना ९ हंस आणि ९ द्रम्मांना ३ मोर. राजपुत्राच्या करमणुकीसाठी १०० द्रम्मांत बरोबर १०० पक्षी आणायचे, चारही जातींचे. द्रम्म म्हणजे त्या काळचे नाणे.

अज्ञात राशी चार, समीकरणे दोन. आमच्या शाळेत शिकवतात की अशा वेळी उत्तरे अनंत. भास्कराचार्य कुट्टकाने जातात, राशींना काळा, निळा, पिवळा, तांबडा अशी रंगांची नावे देतात. मी येथे मुलांना दाखवलेली सोपी वाट देतो. पक्षी वाट्यांनीच विकत मिळतात असे धरा, म्हणजे पारव्यांचा वाटा ५ चा, मोरांचा ३ चा. पारव्यांच्या एका वाट्यात पक्षी द्रम्मांपेक्षा २ ने जास्त. सारसांतही २ ने, हंसांतही २ ने. मोरांच्या वाट्यात मात्र द्रम्म ६ ने जास्त. शेवटी पक्षी आणि द्रम्म सारखे व्हायचे आहेत. म्हणून मोरांच्या एका वाट्यामागे बाकीच्यांचे मिळून बरोबर तीन वाटे हवेत. हे पक्ष्यांच्या बेरजेत घातले की उरते एवढेच : मोरांच्या वाट्यांची नऊपट, अधिक सारसांचे वाटे, अधिक हंसांच्या वाट्यांची दुप्पट, मिळून ५०. मोरांचे वाटे ६ असू शकत नाहीत, ५४ होतात. ३ घेतले तर बाकीचे तिघे मिळून ९ वाटे, आणि त्यांत सारस-हंसांकडून २३ भरून निघत नाहीत. त्याहून कमी घेतले तर अडचण वाढतेच. म्हणून मोरांचे वाटे ४ किंवा ५. चारसाठी चार उत्तरे निघतात, पाचसाठी दोन. अनंत कुठली, अवघी सहा! पूर्णांकाची अट घातल्याबरोबर अनंताचे सहा झाले.

आता याच प्रश्नाला बारावीचे शेपूट जोडा. राजपुत्राला मोर जास्तीत जास्त हवे आहेत. कोपऱ्याची रीत लावली, वाट्यांची आणि प्रत्येक जातीची अट सोडून दिली, तर ती सांगते १६⅔ मोर आणि ८३⅓ पारवे. जवळचा पूर्णांक घेऊन १७ मोर आणि ८३ पारवे आणायला गेलात तर १०० द्रम्म पुरत नाहीत. खरे उत्तर १५ मोर, आणि त्याला दोन रस्ते : ६० पारवे, ७ सारस, १८ हंस, नाहीतर ५५ पारवे, २१ सारस, ९ हंस. हंस जास्तीत जास्त हवे असतील तर ५४ हंस, २० पारवे, १४ सारस, १२ मोर. शंभरही जुळतात, द्रम्मही जुळतात. मुलांनी हे वहीवर तीनदा मोजले, आणि चौथ्यांदा मला मोजायला लावले.

जास्तीत जास्त आणि कमीत कमी हा प्रश्न भास्कराचार्यांनी असा घातला नव्हता, आणि असमानतांचे आलेखही त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी लिनियर प्रोग्रॅमिंग शोधले असे म्हणणे म्हणजे पुन्हा मोत्याचीच गोष्ट सांगणे होय. ते शास्त्र विसाव्या शतकातले. डँट्झिग यांची सिम्प्लेक्स रीत १९४७ ची. पण गंमत पाहा. ती रीत हाती आल्यावर थोड्याच वर्षांत लोकांना आमच्या सुताराचीच अडचण आली. विमाने अर्धी उडत नाहीत, कारखाने पाऊण बांधता येत नाहीत. मग १९५८ मध्ये गोमोरी यांनी छायांकित भागाचे अपूर्णांकी कोपरे एकेक सरळ रेषेने छाटत जाण्याची रीत काढली. १९६० मध्ये आयल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग या दोन स्त्रियांनी प्रश्नाच्या फांद्या करून निरुपयोगी फांद्या तोडत जाण्याची रीत दिली. सुताराच्या उदाहरणात हे करून पाहता येते : ४⅔ खाटा होत नाहीत, तर एकदा ४ किंवा कमी धरा, एकदा ५ किंवा जास्त धरा, आणि दोन्हींकडे पुन्हा कोपरे शोधा. बारावीच्या मुलाला यात अवघड काही नाही. ही एक पायरी शिकवायला दोन तास पुरतात, हे मी करून पाहिले आहे. ती गाळली जाते, आणि मूल अर्ध्या खाटेवर गुण मिळवून बाहेर पडते.

उत्तर नुसते समीकरणाला पटून चालत नाही, ते जगालाही पटले पाहिजे, ही आचार्यांची वृत्ती केवळ कुट्टकापुरती नव्हती. बीजगणितात माकडांचे एक उदाहरण आहे. कळपाचा पाचवा भाग घेतला, त्यातून ३ वजा केले, उरले त्याचा वर्ग केला. तितकी माकडे गुहेत शिरली, आणि एक फांदीवर दिसले. कळप केवढा? गणिताने दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ कसे काढणार? उणे दोन माकडांचा वर्ग करून चार माकडे गुहेत पाठवणे त्यांना मान्य नाही. लोकांना ते पटणार नाही असे सांगून ते ५ हे उत्तर बाजूला ठेवतात. उणे संख्या त्यांना येत नव्हत्या असे नाही. त्यांचे नियम त्यांनी उत्तम दिले आहेत. तरीही माकडे ती माकडे.

तसेच जनावरांच्या किमतींचे. चौघांजवळ घोडे ५, ३, ६, ८. उंट २, ७, ४, १. खेचरे ८, २, १, ३. बैल ७, १, २, १. चौघांची दौलत सारखी, तर एकेकाची किंमत काय? आचार्यांचे एक उत्तर : घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४. प्रत्येकाची बेरीज ८५३ येते. हे मोजायला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य बसावे. बैल इतका स्वस्त का, असा प्रश्न येथल्या शेतकऱ्याच्या मुलाने मला विचारला, त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

पूर्णांकाचा हा ध्यास वर्गसमीकरणात फार उंच गेला. एका पूर्ण वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, असा त्यांचा प्रश्न आहे. दिसायला लहान. लहानात लहान उत्तर मात्र २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. आधीच्या गणितज्ञांनी घडवत आणलेल्या चक्रवाल रीतीने त्यांनी ते काही पायऱ्यांत काढले. फर्मा यांनी हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला, तेव्हा पाटणचा हिशेब पुरा होऊन पाचशे वर्षे झाली होती, आणि तिकडे तो कोणाला ठाऊक नव्हता. कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर आले ते १८१७ मध्ये.

शके ११०५ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिले. हा पंचांग करणाऱ्यांच्या रोजच्या उपयोगाचा ग्रंथ. मोठा सिद्धान्त लिहून झाल्यावर म्हातारपणी माणूस सामान्य जोशांच्या सोयीसाठी पुन्हा कोष्टके जुळवायला बसतो, हे मला त्यांच्या स्वभावाला धरून वाटते.

मुलगा लक्ष्मीधर विद्वान निघाला. यादव राजा जैत्रपाल याने त्याला पाटणहून आपल्याकडे नेले आणि पंडितांचा प्रमुख केले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. त्याने पाटणला मठ काढला. देवाचा नव्हे, आजोबांचे ग्रंथ शिकवण्याचा. एका गणितज्ञाच्या पुस्तकांच्या अध्ययनासाठी काढलेली अशी संस्था आपल्या इतिहासात मला दुसरी ठाऊक नाही. स्थानिक निकुंभ राजा सोइदेव याने तिला दान दिले. शके ११२८ च्या सुमाराचा तो शिलालेख याच दानाचा आहे.

त्या लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, राजांची आणि पंडितांची स्तुती. पण मठाचा खर्च कशातून चालायचा हे सांगायची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्याने संस्कृत सोडले आणि बाजाराला समजेल अशा मराठीत लिहिले. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते ती या भागामुळे. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर राजाला गिऱ्हाइकाकडून मिळणारा कराचा हिस्सा मठाला द्यायचा. मापताना मठाचे माप धरायचे. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांकडून, दर घाण्यामागे एक पळी तेल.